होडी मागे, चार्जर पुढे

स्टावांगरला दोन-तीन उन्हाळे काढले की मराठी माणसालाही होडी घ्यावीशी वाटते. आधी शेजाऱ्याच्या होडीतून बांगडे पकडायला जाणं होतं. मग तो एकदा म्हणतो, सुकाणू धर जरा. तिथेच आपलं काम होतं. माझी होडी पंधरा फुटी, प्लास्टिकची, मागे २० हॉर्सपॉवरचं इंजिन. १९८०नंतर जन्मलेल्यांना २५ हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनासाठी इथे वेगळा दाखला लागतो. तो काढायचा आळस, म्हणून वीस.

होडी घेणं सोपं गेलं. ती ओढायला कुठली गाडी घ्यावी, यात मात्र माझं अख्खं वर्ष गेलं. पेट्रोल की वीज हा वाद नॉर्वेत आता उरलेला नाही. २०२४मध्ये इथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी शंभरात जवळपास ८९ पूर्ण विजेच्या होत्या. त्यामुळे प्रश्न फक्त कुठली, एवढाच. आता मंडळातला एक मित्र त्याच वळणावर येऊन ठेपलाय आणि रोज एक नवीन मॉडेल पाठवतोय. त्याला तुकड्या-तुकड्यात जे सांगत होतो ते एकदाच सलग लिहून काढतो.

यादी लवकर आटोपते. निसान लीफ आणि फोक्सवागनची आयडी-३ यांना मी बघत होतो तेव्हा ट्रेलर ओढायची परवानगीच नव्हती. बीएमडब्ल्यूची पहिली आयएक्स-३ साडेसातशे किलोवर थांबते. स्कोडा एनयाक हजार ते चौदाशे ओढते, किती ते मॉडेलवर आणि चढावर अवलंबून. ह्युंडाई आयोनिक-५ मोठ्या बॅटरीत सोळाशे. किया ईव्ही-९ तर अडीच हजार ओढते, पण ती घेतली तर होडी ठेवायला जागा उरायची नाही, आणि होडी घ्यायला पैसेही नाहीत. माझ्यापुरता सामना शेवटी दोघींत राहिला: टेस्ला मॉडेल वाय, ओढायची क्षमता सोळाशे किलो, आणि ऑडी ई-ट्रॉन ५५, अठराशे किलो. ई-ट्रॉन जुनीच घ्यायची होती. २०२०मध्ये नॉर्वेत सगळ्यात जास्त खपलेली गाडी हीच, त्यामुळे वापरलेल्या बाजारात पुष्कळ मिळतात.

सोळाशे काय, अठराशे काय, माझ्या होडीला दोन्ही डोक्यावरून पाणी. होडी, इंजिन, टाकी, नांगर, मासेमारीचं सामान धरून साडेचारशे किलो, आणि त्याखालचा ट्रेलर पावणेदोनशे. इथल्या भाषेत ट्रेलरला ‘हेंगर’ म्हणतात. आई पहिल्यांदा फोनवर म्हणाली होती, ‘हँगरसाठी एवढी मोठी गाडी?’

आकड्यांत एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे आणि नवखा माणूस तिथेच फसतो. गाडी किती ओढू शकते, हे ट्रेलरचं त्या दिवशीचं प्रत्यक्ष वजन पाहून ठरतं. पण तुमचा परवाना पुरतो की नाही, हे कागदावरच्या कमाल वजनावर ठरतं. मोटारीच्या साध्या बी परवान्यावर साडेसातशे किलोपर्यंतचा ट्रेलर कुठल्याही गाडीला लावा, कोणी अडवत नाही. त्याच्या वर गेलात की गाडी आणि ट्रेलर यांच्या कागदावरच्या कमाल वजनांची बेरीज ३,५०० किलोच्या आत हवी. माझ्या ट्रेलरचं कागदावरचं कमाल वजन हजार किलो आहे. मॉडेल वाय भरलेली अडीच टनांच्या आसपास, म्हणजे काठावर का होईना बसते. ई-ट्रॉनचा कागदच तीन हजारांच्या वर जातो. तिच्यामागे माझा ट्रेलर बी परवान्यावर लावता येत नाही, मग तो रिकामा असला तरी. त्यासाठी परवान्यावर कोड ९६ हा जादा शेरा लागतो. तो घेतला की बेरीज ४,२५० किलोपर्यंत चालते. परीक्षा नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सात तास घालवावे लागतात. भारतातून आल्यावर इथला परवाना नव्याने काढताना जो घाम गाळलाय, तो आठवून मी आधी ‘आता पुन्हा स्कूल नको’ म्हणालो होतो. तेव्हा या फेरीत मॉडेल वाय पुढे, हे मान्य.

आता ब्रेकबद्दल दोन वाक्यं आणि पुढे जाऊ. ब्रेक नसलेला ट्रेलर तीनशे किलोच्या वर भरला असेल तर इथे ताशी ६०, ब्रेक असेल तर ८०. एवढ्यासाठी तरी ब्रेकवालाच घ्या, नाहीतर ई-३९ महामार्गावर मागे रांग लागेल आणि तुमच्या आईवडिलांची नॉर्वेजियनमध्ये आठवण काढली जाईल.

माझा निर्णय कुठे झाला ते आता सांगतो. तेव्हा माझ्याकडे वेगळीच गाडी होती. तिचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. विजेच्या बहुतेक गाड्यांसारखं तिचंही चार्जिंगचं तोंड मागच्या चाकाजवळ होतं, एवढंच लक्षात ठेवा. जुलैमध्ये आम्ही होडी घेऊन दक्षिणेला निघालो, क्रिस्तियान्सानच्या पलीकडे, जिथली बेटं आणि ऊन यांचं नाव सगळे काढतात. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता, फ्लेकेफ्योर्डपासून लिंगडालपर्यंत नुसते चढउतार. होडी नसती तर मध्ये थांबायची गरजच नव्हती. होडीमुळे एकदा चार्ज करणं भाग होतं.

चार्जरची जागा एका पेट्रोल पंपामागे होती. सहा खाने, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, चार्जर भिंतीला लागून. तोंड मागे असलेली गाडी तिथे उलटी लावायची असते. मागे होडी असेल तर उलटी लावायची कशी? होडी चार्जरवर आदळेल. सरळ आत घातली तर केबल मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. हातभर कमी पडते. मी ओढून बघितली, बायको म्हणाली तुटेल, मी म्हणालो नाही तुटत, आणि तरी हातभर कमीच पडली.

मग होडी सोडायची ठरवली. बाजूला खडीची मोकळी जागा होती. ती सपाट वाटली, पण सपाट नव्हती, हे होडी सोडल्यावर कळलं. ट्रेलरच्या पुढचं छोटं चाक खाली घेतलं तर ते खडीत रुतलं. ते फिरवून गाडीच्या मागच्या ट्रेलर अडकवायच्या आकड्यावरून ट्रेलरचा जोड वर उचलायचा असतो, पण ते जमिनीतच जात राहिलं. मग शेजारच्या कचऱ्याच्या डब्यामागे एक लाकडी फळी सापडली, ती चाकाखाली सारली. चाकांना लावायच्या पाचरी घरी गॅरेजमध्ये, म्हणून दोन दगड. हातब्रेक ओढला होता, तरी बायको ट्रेलरला पाठ लावून उभी राहिली. सहाशे किलो ती अडवणार होती अशातला भाग नाही, पण तिला बरं वाटत होतं. पाऊस सुरू झाला तेव्हा आठ वर्षांच्या मुलीने छत्री उघडली आणि होडीच्या इंजिनावर धरली.

चार्जिंगला लागली तीस मिनिटं. सोडायला, पुन्हा जोडायला, आणि मध्ये एका ट्रकवाल्याने येऊन ‘ही होडी कोणाची’ विचारल्यावर ती सरकवायला, असं धरून आम्ही तिथून निघालो ते एक तास वीस मिनिटांनी. जोडताना गाडी उलटी घेऊन आकडा बरोबर जोडाखाली आणायचा असतो. दोन बोटं इकडे-तिकडे झालं तरी पुन्हा. मला तीन वेळा लागलं. येताना हेच परत, फक्त पाऊस जास्त.

त्या परतीच्या रात्री मी क्षमतेचे आकडे बघायचं बंद केलं आणि प्रत्येक गाडीच्या फोटोत चार्जिंगचं झाकण कुठे आहे ते शोधायला लागलो.

मॉडेल वायचं डाव्या मागच्या दिव्यापाशी. आयोनिक-५, एनयाक आणि ईव्ही-९ यांचं उजवीकडे मागे. ई-ट्रॉनचं मात्र डावीकडे, पुढचं चाक आणि ड्रायव्हरचं दार यांच्या मधे, सरकणाऱ्या झाकणाखाली. पुढे तोंड असणाऱ्या आणखीही आहेत. जॅग्वार आय-पेस आणि पहिली टोयोटा बीझेड-४एक्स आहेत, पण दोन्ही साडेसातशे किलोवर थांबतात. निसान आरियाचं पुढे उजवीकडे, आणि तिचं चारही चाकं चालवणारं मॉडेल दीड हजार ओढतं. ती मी चालवलेली नाही, पण नवी घ्यायची असेल आणि ऑडी नको असेल तर नक्की पाहा.

ई-ट्रॉन घेतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम त्याच पंपामागे थांबलो. शेवटच्या खान्यात नाक आत घातलं, होडी मागे वाटेच्या कडेला सरळ रेषेत उभी राहिली, केबल लावली, आणि आम्ही तिघं आत जाऊन पोल्से खात बसलो. पोल्से म्हणजे पावात सॉसेज, इथला वडापाव म्हणा. सगळीकडे इतकं सुरळीत जमतं असं नाही. जागा अरुंद असेल तर होडीचं बूड दुसऱ्यांच्या वाटेत येतं आणि मग नजर चुकवत बसावं लागतं. अलीकडे काही ठिकाणी पेट्रोल पंपासारखी आरपार निघता येणारी चार्जिंगची जागा दिसू लागलीय. ती सगळीकडे झाली तर माझा हा सगळा युक्तिवाद मोडीत निघेल. पण माझा हिशोब आजचा आहे. दोन उन्हाळ्यांत चार्ज करण्यासाठी होडी सोडावी लागली ती एकदाच.

बाकीच्या गोष्टींत दोघींत मला फार फरक दिसला नाही, पण जिथे दिसला ते सांगतो.

उतारावर होडी पाण्यात घालताना विजेची कुठलीही चारचाकी-चालित गाडी आनंद देते. क्लच जळल्याचा वास नाही, गर्र आवाज नाही, शेवाळावर चाक किंचित घसरलं की गाडी आपणच सावरते. मागच्या वर्षी सासरे मालवणहून आले होते. त्यांनी हाताची घडी घालून सगळा सोहळा बघितला: ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग पाण्यात जायच्या आधी काढणं, स्टिअरिंग उलट्या हाताने फिरवणं, बायकोच्या ‘डावीकडे, अरे माझ्या डावीकडे’ अशा सूचना. शेवटी म्हणाले, ‘आमच्याकडे चार माणसं लागतात, पण भांडण होत नाही.’

या कामात ई-ट्रॉनची एक गोष्ट मला सोयीची वाटते. बूटमधलं बटण दाबलं की आकडा बंपरखालून सुटून येतो. मी पाहिलेल्या मॉडेल वायचा आकडा काढून ठेवायच्या प्रकारचा होता. खाऱ्या, तेलकट हातांनी तो काढून बूटच्या गालिच्यात ठेवणं बायकोला आवडणार नाही, म्हणजेच मलाही आवडणार नाही. हा काही गाडी निवडण्याचा निकष नव्हे, मला कळतं.

जुनी ई-ट्रॉन घेताना एक मात्र बघून घ्या. काहींना बाहेरच्या आरशांऐवजी कॅमेरे आहेत आणि चित्र दारातल्या पडद्यावर दिसतं. दिसायला झकास. पण ट्रेलर मागे घेताना आपण नकळत मान पुढे काढून आरशात जास्त बघतो, ते कॅमेऱ्यात होत नाही. मान कितीही काढा, चित्र तेच. मी साध्या काचेचे आरसे असलेली शोधत दोन महिने थांबलो.

आता बोगदा. आमच्याकडून रीफिल्केकडे होडी न्यायची म्हणजे २०१९च्या डिसेंबरअखेर उघडलेल्या बोगद्यातून जावं लागतं. सव्वाचौदा किलोमीटरहून लांब आणि सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीखाली २९२ मीटर. म्हणजे आधी होडीसकट तेवढं खाली उतरायचं आणि मग तेवढंच चढायचं. दोन्ही गाड्या हे काम असं करतात की मागे काही आहे हे विसरायला होतं. एक सूचना: घरून बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागा नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. आम्ही ऐंशी-पंच्याऐंशीवर निघतो.

खप हा ई-ट्रॉनचा अशक्त मुद्दा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. अडीच टनांची गाडी आहे ती. मला उन्हाळ्यात होडीशिवाय शंभर किलोमीटरला २४ युनिट लागतात, होडी लावली की ३१ च्या आसपास. मित्राच्या ओळखीतल्या एकाची मॉडेल वाय होडीशिवाय सोळा-सतरात जाते आणि तशाच होडीसकट पंचविसात. वापरता येणारी बॅटरी ई-ट्रॉनची ८६ युनिट आणि त्याची ७५च्या आसपास, तरीही तोच माझ्यापुढे जातो. इथे ट्रेलरला ८०ची मर्यादा असल्यामुळे आणि होडीचं नाक वारा कापत असल्यामुळे नुकसान आवाक्यात राहतं. मागे कॅराव्हॅन लावली तर मात्र हे आकडे विसरा.

त्यावर माझा बचाव असा: ई-ट्रॉन चार्जरवर लावली की ऐंशी टक्क्यांपर्यंत जवळपास १५० किलोवॅटने घेत राहते, मध्ये फारशी मंदावत नाही. मॉडेल वाय सुरुवातीला २५०पर्यंत जाते आणि मग उतरत येते. घड्याळ लावून बसलात तर लांबच्या प्रवासात मॉडेल वायच जिंकेल, फक्त होडी न सोडता चार्जरपर्यंत पोचली तर. ती ‘फक्त’ माझ्यासाठी दोन्ही वेळेला एक तास वीस मिनिटांची होती.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. इथल्या फेरीबोटीवर भाडं लांबीवर असतं. गाडीच्या मागे होडी लागली की सहा मीटरच्या वर जाता आणि पुढचा दर लागतो. विजेच्या गाडीला सवलत असते, तरी आकडा बघून डोळे विस्फारतात. हे दोन्ही गाड्यांना सारखंच, म्हणून तुलनेत धरत नाही. फक्त बर्गेनकडे जायचा बेत असेल तर आधी हिशोब करा.

ई-ट्रॉनच्या विरुद्ध आणखी काय? लांबरुंद आहे, आमच्या सोसायटीच्या तळघरात ती लावताना अजूनही श्वास रोखतो. ती ज्या ब्रसेल्सच्या कारखान्यात बनायची तो फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाला, त्यामुळे पुढे सुट्या भागांचं काय, अशी शंका कोणी काढली तर ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. इथे रस्त्यावर इतक्या आहेत की मला तरी झोप येते. आणि ते सात तासांचं स्कूल. तिथे शिकवणाऱ्याने ट्रेलर उलटा घ्यायची एकच युक्ती दाखवली: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, मग ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात न्यायचा. तेवढ्यासाठीसुद्धा मी परत ती फी भरेन.

मित्राची होडी माझ्यापेक्षा लहान आहे, साडेसातशेच्या ट्रेलरवर आरामात बसेल. म्हणजे परवान्याचा प्रश्न त्याला नाहीच, कुठलीही गाडी चालेल. शिवाय तो सोलाला राहतो, पाणी घरापासून दहा मिनिटांवर. वर्षातून वीस वेळा तेवढंच अंतर होडी न्यायची असेल तर त्याने मॉडेल वाय किंवा एनयाक घ्यावी, वीज वाचवावी, तळघरात सुखाने लावावी. होडी घरीच चार्ज झालेल्या गाडीमागे जाणार आणि येणार, तोंड पुढे असो की मागे, काय फरक पडतो. हे त्याला मी तीन वेळा सांगितलंय आणि मनापासून सांगितलंय.

पण त्याच्या बायकोला उन्हाळ्यात दक्षिणेला जायचंय, होडी घेऊन, दर वर्षी. तो म्हणतो, चार्जरपाशी काहीतरी जमवू. म्हणून येत्या शनिवारी माझा ट्रेलर तो त्याच्या भाड्याच्या मॉडेल वायला लावून त्या पंपामागे नेणार आहे. फळी आणि पाचरी मी ट्रेलरवर बांधून ठेवल्यात. छत्री त्याने आणायची आहे.